सगळ्यांना आवतण!

घरात कार्य निघालं की आमंत्रणाची यादी करायला बसायचं काम आपल्याकडे बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतं. कुणाला बोलवायचं, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं, गेल्या खेपेला कुणाचं नाव राहून गेलं म्हणून यंदा कुणाला आधी फोन करायचा... सासर, माहेर, शेजार, ऑफिस, भिशीच्या मैत्रिणी, असे एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारे लोक त्या एका दिवशी एका मांडवाखाली येतात. त्या सगळ्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे यजमानीण!

आज मला अशीच यादी करणाऱ्या एका पुरुषाची गोष्ट सांगायचीय. त्याचे पाहुणे मात्र हाडामांसाचे नव्हते. त्यात एक मेणाची राणी होती, एक रबरी अस्वल होतं, जिंजरब्रेडचा एक माणूस होता, आणि चक्क सांताक्लॉजही होता. सगळे त्यानंच लिहिलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतून आलेले, आणि बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही कधी पाहिलेलं नव्हतं. १९०९ साली त्यानं या सगळ्यांना एका वाढदिवसाला, एकाच पुस्तकात बोलावलं. हल्ली एका सिनेमाचा नायक दुसऱ्या सिनेमात डोकावला की पोरं थिएटरात टाळ्या पिटतात. या गृहस्थानं ते शंभराहून जास्त वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं.

लायमन फ्रँक बॉम हे त्याचं नाव. ‘लायमन’ त्याला मुळीच आवडायचं नाही, म्हणून तो आयुष्यभर फ्रँकच राहिला. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा १९३९ सालचा सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. वावटळीत घरासकट उडून गेलेली कॅन्ससची डोरोथी, तिचा टोटो कुत्रा, मेंदू हवा असलेलं बुजगावणं, हृदय हवं असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धीर हवा असलेला भित्रा सिंह... ही मंडळी फ्रँकची. सिनेमामुळे जगाला त्याची ही एकच गोष्ट पाठ झाली. प्रत्यक्षात एकट्या ऑझचीच त्यानं चौदा पुस्तकं लिहिली, आणि ऑझबाहेरची त्याहून कितीतरी जास्त. ती बाहेरची लेकरं आज कुणाला आठवतात? पण ती फ्रँकला कायम आठवत होती, आणि मला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो तो त्यामुळेच.

फ्रँकचा जन्म १५ मे १८५६चा, न्यूयॉर्क राज्यातल्या चिटेनँगो गावचा. वडिलांनी पेनसिल्व्हेनियातल्या तेलाच्या धंद्यात चांगला पैसा केला होता. सिरॅक्यूजजवळ ‘रोझ लॉन’ नावाचं त्यांचं ऐसपैस घर होतं. पोरगं मात्र तब्येतीनं नाजूक. हृदय दुबळं म्हणून शिक्षण घरीच. पुढे धीट व्हावा म्हणून सैनिकी शाळेत घातला, तर दोन वर्षांत परत आला. वडिलांनी मग त्याला छापखान्याचं एक छोटं यंत्र आणून दिलं आणि त्यावर फ्रँक नि त्याचा धाकटा भाऊ घरचंच वर्तमानपत्र छापायला लागले. पुढे त्याला कोंबड्यांचा नाद लागला. हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्या त्यानं पाळल्या, त्यावर मासिक काढलं, आणि १८८६ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं तेही कोंबड्यांवरचंच! त्यानंतर की त्याआधीपासूनच म्हणा, नाटकाचं वेड होतं. १८८२ मध्ये ‘द मेड ऑफ अॅरन’ हे संगीत नाटक त्यानं स्वतः लिहिलं, गाणी रचली आणि कामही केलं.

त्याच सुमारास त्याच्या आयुष्यात मॉड आली. मॉड गेज ही कॉर्नेल विद्यापीठात शिकणारी मुलगी. मुलींनी विद्यापीठात जाणं तेव्हा अमेरिकेतही नवलाचं होतं. तिची आई म्हणजे मॅटिल्डा जोसलिन गेज, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतलं बडं प्रस्थ. सुझन अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्या बरोबरीनं या चळवळीच्या इतिहासाचे पहिले तीन खंड मॅटिल्डाबाईंनी संपादित केले होते. अशा आईच्या मुलीनं एका नाटकवाल्यासाठी शिक्षण अर्धवट सोडायचं? बाईंना ते पटेना. पण मुलगी त्यांचीच! मॉडनं ठाम सांगितलं की लग्न करीन तर याच्याशीच. ९ नोव्हेंबर १८८२ रोजी गेज यांच्या घरच्या दिवाणखान्यात दोघांचं लग्न लागलं.

आणि गंमत बघा, जावयावर नाराज असलेल्या याच सासूबाई पुढे हिवाळ्यात लेक-जावयाकडे येऊन राहायच्या. फ्रँक आपल्या मुलांना आणि आजूबाजूच्या पोरांना गोष्टी सांगायचा, त्या ऐकून मॅटिल्डाबाई त्याच्या मागे लागल्या की हे सगळं लिहून काढ. सासूबाईंनी जावयाला लेखक केलं असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती व्हायची नाही.

घर चालवलं ते मात्र मॉडनं. त्यांच्या घरातला एक किस्सा त्यांच्या थोरल्या मुलानं सहलेखकाबरोबर लिहिलेल्या चरित्रात आहे. फ्रँकनं एकदा बायकोला न विचारता डझनभर जॅम भरलेले डोनट घरी आणले. मॉडनं त्या आठवड्याचं खाणं आधीच ठरवून ठेवलेलं. ती काही बोलली नाही. रोज नाश्त्याला तेच डोनट त्याच्यापुढे ठेवत राहिली. शिळे झाले, कडक झाले, तरी तेच! फ्रँकनं ते लपवले, पुरले, तरी ते पुन्हा ताटात हजर. शेवटी त्यानं हात टेकले. घरात काय आणायचं हे मॉड ठरवेल, हा नियम त्या दिवशी कायमचा झाला. पैशाचा व्यवहारही हळूहळू तिच्याच हाती गेला, आणि ते किती शहाणपणाचं होतं ते पुढे कळलंच.

कारण फ्रँकला धंदा कधी जमला नाही. १८८८ मध्ये बिऱ्हाड डाकोटातल्या अॅबरडीन गावी गेलं. तिथे त्यानं ‘बॉम्स बझार’ नावाचं दुकान थाटलं. खेळणी, चिनी मातीची भांडी, मिठाई असं सगळं तिथे मिळायचं. दुष्काळाचे दिवस, गिऱ्हाईक उधारीवर, आणि मालक पोरांना गोष्टी सांगण्यात दंग! १८९०च्या सुरुवातीला दुकान बुडालं. मग त्यानं तिथलं एक साप्ताहिक चालवायला घेतलं. त्या वर्षी साउथ डाकोटात स्त्रियांच्या मताधिकारावर मतदान होणार होतं. फ्रँकनं आपल्या पत्रातून त्याचा हिरिरीनं पुरस्कार केला, गावातल्या मताधिकार मंडळाचा तो चिटणीसही होता. ठराव हरला, पण त्याची भूमिका कायम राहिली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच साप्ताहिकात, डिसेंबर १८९० आणि जानेवारी १८९१ मध्ये, सिटिंग बुल यांची हत्या आणि वुंडेड नीचं हत्याकांड झालं त्या सुमारास, याच फ्रँकनं आदिवासी सू लोकांचा समूळ नायनाट करावा असे दोन अग्रलेख लिहिले. वाचताना अंगावर काटा येतो. बायकांच्या हक्कांसाठी झटणारी, मुलांसाठी एवढं गोड लिहिणारी लेखणी हीच का? त्याच्या सासूबाई तर १८९३ मध्ये मोहॉक लोकांच्या एका कुळात सन्मानानं सामील करून घेतल्या गेल्या. एकाच घरातली ही दोन माणसं! २००६ साली फ्रँकच्या वंशजांनी सू लोकांची जाहीर माफी मागितली. माणूस कुणाला आपल्या पंगतीला बोलावतो, यावरून जसा तो कळतो, तसाच कुणाला दाराबाहेर ठेवतो यावरूनही कळतो. ऑझवर कितीही जीव असला तरी हा डाग पुसायचा नाही, असं मला वाटतं.

साप्ताहिकही बंद पडलं आणि १८९१ मध्ये मंडळी शिकागोला आली. आता चार मुलगे होते. फ्रँक चिनी मातीच्या भांड्यांचा फिरता विक्रेता झाला, दुकानाच्या काचेतली सजावट कशी करावी यावर मासिक काढलं. चाळिशी उलटल्यावर, १८९७ मध्ये त्याचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक आलं. १८९८च्या मार्चमध्ये मॅटिल्डाबाई त्याच्याच घरी वारल्या. त्याच नोव्हेंबरात मॉडच्या भावाची पाच महिन्यांची मुलगी गेली. स्वतःला मुलगी नसलेल्या मॉडचा तिच्यावर फार जीव होता. त्या बाळाचं नाव डोरोथी. ऑझच्या नायिकेचं नाव तिच्यावरूनच ठेवलं, असं मानलं जातं. मे १९०० मध्ये ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ आलं, डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लोच्या रंगीत चित्रांसह. मुलांनी ते डोक्यावर घेतलं. १९०२ मध्ये त्याचं संगीत नाटक झालं, तेही तुफान चाललं.

फ्रँकच्या मनात मात्र ऑझची मालिका करायचं नव्हतंच. त्याच्या डोक्यात दरवर्षी नवा देश उगवायचा. १९०१ मध्ये मेणाच्या बाहुलीचं राज्य असलेला मेरीलँड देश आला. १९०२ मध्ये त्यानं सांताक्लॉजचं अख्खं चरित्र लिहिलं. १९०५ मध्ये राणी झिक्सी आली, शेकडो वर्षांची, जगाला सुंदर दिसणारी, पण आरशात म्हातारी दिसणारी! (हे पात्र त्याला कसं सुचलं असेल, ते आपल्याला काही सांगायला नको...) १९०६ मध्ये जॉन डो हा जिंजरब्रेडचा माणूस आणि त्याच्याबरोबर चिक नावाचं एक मूल आलं. चिक मुलगा की मुलगी, हे लेखकानं शेवटपर्यंत सांगितलंच नाही. प्रकाशकांनी त्यावर मुलांसाठी स्पर्धा ठेवली!

पण पत्रं यायची ती ऑझसाठी. पोतीभर. डोरोथीचं पुढे काय झालं? बुजगावणं काय करतं? १९०४, १९०७, १९०८... फ्रँक ऑझकडे परत परत वळत राहिला. या पुस्तकांमध्ये एक गोष्ट लक्षात येते. ऑझची सत्ता बायकांच्या हाती आहे. राज्य राजकन्या ऑझ्माचं, सगळ्यात मोठी जादू ग्लिंडाची, धाडस डोरोथीचं. १९०४च्या पुस्तकात तर विणायच्या सुया घेऊन मुलींची फौज राजधानी जिंकते आणि पुरुषांना घरकाम करावं लागतं. ते बिचारे थकून जातात! मॅटिल्डाबाई तेव्हा हयात असत्या तर हसल्या असत्या, की जावयाचा कान धरला असता, कोण जाणे.

आणि मग आलं १९०९चं ‘द रोड टू ऑझ’. कथानक म्हणावं असं त्यात फारसं नाहीच. डोरोथी वाट चुकते. तिला भेटतात झिपऱ्या केसांचा एक भटका, बटन-ब्राइट नावाचा सतत हरवणारा मुलगा आणि इंद्रधनुष्याची लेक पॉलिक्रोम. चौघं चालत चालत ऑझला पोहोचतात, कारण तिथे ऑझ्माचा वाढदिवस आहे. प्रवासात देश बदलतील तसा पुस्तकाच्या कागदाचा रंग बदलतो, अशी त्याची पहिली आवृत्ती होती. हे पुस्तक फ्रँकनं आपल्या पहिल्या नातवाला अर्पण केलं.

शेवटच्या प्रकरणांत दरबार भरतो. एकेका पाहुण्याचं नाव पुकारलं जातं, आणि तेव्हा कळतं की हा लेखक काय करून बसलाय! मेरीलँडची मेणाची राणी येते. जॉन डो येतो, चिक येतं, त्यांचं रबरी अस्वल उड्या मारत येतं. नोलँडचा छोटा राजा बड आणि त्याची बहीण येते, आणि त्याच नोलँडवर जादूच्या झग्यासाठी सैन्य घेऊन चालून गेलेली राणी झिक्सीही त्याच दरबारात येते. एका पुस्तकातलं भांडण दुसऱ्या पुस्तकाच्या उंबऱ्यावर सोडून! सांताक्लॉजचं स्वागत तर सगळे मोठ्या मानानं करतात. मेजवानीत जनावरांसाठी वेगळं टेबल असतं. टोटोच्या गळ्यात लाळेरं बांधलेलं, समोर चांदीची थाळी. बिलिना कोंबडी आणि तिच्या पिलांसाठी छोटासा कठडा लावलेला चौरंग. ज्यानं ऐन तारुण्यात कोंबड्या पाळल्या, तो कोंबडीची सोय कशी विसरेल? शेवटी जादूगार साबणाचे मोठाले फुगे करतो आणि एकेक पाहुणा फुग्यात बसून आपापल्या देशी तरंगत जातो.

पहिल्यांदा वाचताना मला प्रश्न पडला, की हा खटाटोप कशासाठी? धंद्याचं उत्तर सोपं आहे. ऑझ वाचणाऱ्या मुलांना कळावं, की या लेखकाची आणखी पुस्तकं आहेत, या मंडळींना भेटायचं तर तीही वाचा. जाहिरातच म्हणा ना. आणि त्याला पैशाची निकड होतीच. आदल्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यानं ऑझवर सिनेमा, रंगीत चित्रपट्ट्या, वाद्यवृंद आणि पांढऱ्या सुटात स्वतः निवेदक, असा भव्य प्रयोग गावोगावी फिरवला होता. लोक आले, पण खर्च इतका होता की तो कर्जात बुडाला.

पण मला त्यात जाहिरातीपलीकडचं काहीतरी दिसतं. समजा एखाद्या घरात चार मुलं आहेत आणि येणारा-जाणारा एकाच मुलाचं कौतुक करतो. आई काय करते? त्या लाडक्याच्या वाढदिवसाला बाकीच्यांनाही नवे कपडे घालून पुढे आणते, यानं हे चित्र काढलंय हं, हिचा आवाज ऐका... फ्रँकनं नेमकं तेच केलं. जगाला हवं होतं फक्त ऑझ. त्याला मात्र झिक्सीही हवी होती आणि रबरी अस्वलही.

पाहुण्यांचं कौतुक झालं, पण मुलं काही त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेली नाहीत. १९१० मध्ये फ्रँकनं ऑझ संपवायचंच ठरवलं. त्या पुस्तकात डोरोथीच्या काका-काकूंचं शेत कर्जापायी जाणार असतं, म्हणून ती त्यांना कायमचं ऑझला घेऊन येते आणि ग्लिंडा तो देश जगाच्या नजरेआड करते. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, फ्रँकनं स्वतः दिवाळखोरी जाहीर केली. ‘विझार्ड’सह जुन्या पुस्तकांचं उत्पन्न देणेकऱ्यांकडे गेलं. घरदार वाचलं, कारण ते मॉडच्या नावावर होतं. फ्रँकच्या नावावर म्हणाल तर अंगावरचे कपडे, टाइपरायटर आणि पुस्तकं! हॉलिवुडमध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या ‘ऑझकॉट’ घरामागे मॉडच होती. आणि नियमित पैसे कोण आणत होतं माहितीय? ईडिथ व्हॅन डाइन. म्हणजे फ्रँकच! बाईचं नाव घेऊन तो मुलींसाठी ‘आंट जेन्स नीसेस’ ही कादंबरीमालिका लिहायचा.

त्यानं ट्रॉट नावाची मुलगी आणि लाकडी पायाचे कॅप्टन बिल यांची नवी मालिका सुरू केली. पहिलं पुस्तक १९११चं. ते ऑझसारखं चाललं नाही, म्हणून १९१२च्या दुसऱ्या पुस्तकात ऑझचे दोन पाहुणे मदतीला पाठवले, बटन-ब्राइट आणि पॉलिक्रोम. तरीही जमेना. १९१३ मध्ये तो ऑझला परतला. १९१४च्या ऑझच्या पुस्तकात त्यानं नकाशा दिला, त्यात ऑझच्या भोवती मेरीलँड, इक्स, नोलँड असे आपले बाकीचे देश शेजारी म्हणून मांडले. आणि १९१५ मध्ये ट्रॉट आणि कॅप्टन बिल ऑझमध्ये आले, ते कायमचे राहायला. १९०९ मध्ये पाहुणे फुग्यांतून परत गेले होते. या दोघांना त्यानं परत पाठवलंच नाही. लोक माझ्या दुसऱ्या घरी येत नसतील, तर त्या घरची माणसं मी इथे आणतो, असाच त्याचा हिशोब असावा. हार म्हणावी तर हार आहे. पण सांभाळणंही आहे.

शेवटची वर्षं दुखण्यात गेली. हृदय तर लहानपणापासूनच दगा देत होतं, त्यात १९१८ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. बागेतल्या डेलिया आणि शेवंती, अंथरुणावरचं लिहिणं आणि मॉड, एवढंच जग उरलं होतं. ६ मे १९१९ रोजी तो गेला. त्रेसष्ट पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते. चौदावं पुस्तक त्याच्या पश्चात १९२० मध्ये आलं, आणि १९२१पासून रूथ प्लमली थॉम्पसन या लेखिकेनं ऑझची पुस्तकं पुढे चालू ठेवली. मॉड १९५३पर्यंत जगली. १९३९ मध्ये हॉलिवुडमध्ये सिनेमाचा पहिला खेळ झाला तेव्हा ती तिथे हजर होती. पडद्यावर डोरोथी होती, टोटो होता, बुजगावणं होतं. झिक्सी, जॉन डो, चिक यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

जगाची यादी अशीच असते, नाही का? कर्तबगार, गाजलेल्या, देखण्या माणसांची नावं त्यात आधी येतात. आपल्या यादीत मात्र कुणाला घ्यायचं ते आपल्या हातात असतं. फ्रँकची खऱ्या जगातली यादी तोकडी पडली, तिथे त्यानं ज्यांना नाकारलं ते विसरता कामा नये. पण गोष्टीतल्या त्या एका दिवशी त्यानं विस्मरणात चाललेलं एकेक नाव मोठ्यानं पुकारलं आणि प्रत्येकाला मानाची जागा दिली. घरात मुलं असतील तर ‘विझार्ड’बरोबर ‘द रोड टू ऑझ’सुद्धा त्यांच्या हातात द्या. आणि शेवटच्या प्रकरणात एखाद्या पोरानं विचारलं, की ही मेणाची राणी कोण गं, तर तिचं पुस्तकही शोधून द्या. ज्याच्यासाठी फ्रँकनं एवढी आवतणं धाडली होती, तो प्रश्न हाच.